शब्द कोणाचा धरायचा?

नोकरी करणाऱ्या माणसाला रजेचे प्रकार तोंडपाठ असतात. किरकोळ रजा, अर्जित रजा, आजारपणाची रजा. तुरुंगातल्या कैद्यालाही रजा असते आणि तिचेही प्रकार असतात, हे मात्र अनेकांना माहीत नसतं. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाच्या कागदपत्रांत शिक्षा झालेल्या कैद्यासाठी मुख्यतः दोन रजा आहेत: संचित रजा आणि अभिवचन रजा. बातम्यांमध्ये आपण ज्यांना फर्लो आणि पॅरोल म्हणतो, त्या याच.

नावं विचार करून ठेवलेली आहेत. संचित म्हणजे साठवलेली. ठरावीक काळ शिक्षा भोगली, वागणूक नीट ठेवली, की ही रजा जमा होत जाते. तिच्यासाठी घरात कुणी आजारी असावं लागत नाही. या रजेचे दिवस शिक्षेतच धरले जातात. अभिवचन रजेला मात्र कारण लागतं. आई-वडील, बायको-नवरा, मुलं यांचा मृत्यू किंवा गंभीर आजार, घरातलं लग्न, पत्नीचं बाळंतपण, पुरात किंवा भूकंपात घर पडणं. आणि ते दिवस शिक्षेत मोजले जात नाहीत. जितके दिवस बाहेर, तितके नंतर आत काढायचे.

‘पॅरोल’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ ‘शब्द’. दिलेला शब्द. युद्धात पकडलेला शत्रूचा अधिकारी ‘पळणार नाही, पुन्हा शस्त्र उचलणार नाही’ असं वचन द्यायचा आणि त्या वचनावर त्याला मोकळीक मिळायची. मराठीत हा शब्द आणताना कुणीतरी ‘अभिवचन’ निवडला आणि मूळचा अर्थ जसाच्या तसा राहिला. कैदी म्हणतो, ‘मी परत येईन.’ शासन म्हणतं, ‘ठीक आहे, जा.’

या लेखातला प्रश्न इथूनच निघतो. एखादा कैदी रजेला पात्र आहे की नाही हे ठरवताना आपण खरंच त्याचा शब्द तोलत असतो का? की दुसरंच काही?

आधी एक गैरसमज

‘द शॉशँक रिडम्प्शन’ हा सिनेमा पाहिला असेल तर पॅरोल म्हटल्यावर डोळ्यांसमोर एक खोली येते. टेबलापलीकडे मंडळ बसलेलं, समोर कैदी. तुम्ही सुधारला आहात का, असा प्रश्न. रेडला वीस वर्षांनी नकार, तीस वर्षांनी नकार, चाळीस वर्षांनी होकार. तो अमेरिकेतला पॅरोल. तिथे पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर काढायची परवानगी. सुटलात की सुटलात, अटी पाळल्या तर परत जायचं नाही.

आपल्याकडे पॅरोल ही खरोखरच रजा आहे. काही दिवस, फार तर काही आठवडे, आणि मग ठरलेल्या तारखेला फाटकाशी हजर. कायमचं लवकर सुटणं ही वेगळी गोष्ट. तिला शिक्षेतली सूट किंवा मुदतपूर्व सुटका म्हणतात आणि तिचे निकषही वेगळे आहेत. शिवाय खटला चालू असलेल्या, म्हणजे कच्च्या कैद्याला या दोन्ही रजा नाहीत. त्याला जामीन मागावा लागतो. देशातल्या तुरुंगांतले जवळपास तीन-चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत. म्हणजे आपण ज्यांच्याविषयी बोलतोय ते उरलेल्या एक-चतुर्थांशातले आहेत.

महाराष्ट्रात याचे नियम 1959 सालचे. मुंबई राज्य असताना झालेले, म्हणून आजही गुजरातमध्ये ‘बॉम्बे फर्लो अँड पॅरोल रूल्स’ याच नावाने खटले लढवले जातात. नंतर त्यांत बदल झाले. 2016 साली ते बरेच कडक केले गेले, 2018 साली अभिवचन रजेची तातडीची आणि नियमित अशी विभागणी झाली. रजेचा हेतूही नियमांत सांगितलेला आहे. घराशी नातं टिकावं, सलग तुरुंगवासाचे दुष्परिणाम कमी व्हावेत, माणसाची जगण्यातली उमेद आणि आत्मविश्वास राहावा.

हेतू वाचला की वाटतं, हे सगळं कैद्यासाठी आहे. आणि त्याच नियमांत पुढे असंही म्हटलं आहे की संचित रजा हा कैद्याचा कायदेशीर हक्क नाही. 2021 साली नारायण साईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. ही रजा कैद्याला सहज मिळणारी असली, तरी निरपवाद हक्क नव्हे.

चार प्रश्न

अर्ज कारागृह अधीक्षकाकडे जातो. तिथून कैद्याच्या गावच्या पोलीस ठाण्याकडे चौकशीला. शिपाई घरी जातो, नातेवाइकांशी बोलतो, अहवाल पाठवतो. मग रजेच्या प्रकारानुसार अधीक्षक, कारागृह उपमहानिरीक्षक किंवा विभागीय आयुक्त निर्णय घेतात. कायद्याची भाषा बाजूला ठेवली, तर या सगळ्या कागदांतून चार प्रश्न विचारले जातात. काय केलंस? आत कसा वागतोस? बाहेर तुझं कोण आहे? आणि तू आलास तर गाव काय म्हणेल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कधीच बदलत नाही. खून झाला तो झाला. दरोडा, बलात्कार, दहशतवाद अशा काही गुन्ह्यांतल्या कैद्यांना संचित रजेतून वगळलेलं आहे. यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण तो विचार माणसाबद्दलचा नसून गटाबद्दलचा आहे. बारा वर्षांपूर्वीच्या एका रात्रीवरून आजचा माणूस ओळखायचा, असा त्याचा अर्थ होतो. न्यायालयाने गुन्ह्याच्या गांभीर्याचा हिशेब करून शिक्षा दिलेली असते. रजेच्या वेळी तोच हिशेब पुन्हा मांडला, तर एका गुन्ह्याची दोनदा मोजणी होते. 2017 साली अशफाकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा मांडला होता. केवळ गुन्ह्याचं स्वरूप पाहून पॅरोल थेट नाकारू नये, मात्र गंभीर गुन्ह्यात समाजाला धोका आहे का हे जरूर तपासावं, असं न्यायालय म्हणालं. कैद्यालाही थोडा काळ मोकळी हवा मिळायला हवी, हेही त्याच निकालात आहे.

दुसरा प्रश्न न्याय्य वाटतो. आत नीट वागणाऱ्याला रजा, दंगा करणाऱ्याला नाही. पण तुरुंगातलं चांगलं वागणं म्हणजे काय? वेळेवर उठणं, हजेरीला उभं राहणं, भांडण न करणं, सांगितलेलं काम करणं. जिथे एकही निर्णय स्वतः घ्यायचा नसतो, तिथे आज्ञाधारकपणा दिसतो. बाहेर लागते ती गोष्ट निराळी. दारूच्या दुकानासमोरून सरळ पुढे जाणं, जुन्या वैऱ्याने डिवचल्यावर गप्प बसणं, रजेच्या शेवटच्या दिवशी आई रडत असताना पिशवी उचलून एसटी पकडणं. याची परीक्षा आत होऊच शकत नाही. ती रजेतच होते.

इथे एक विचित्र गाठ पडते. करोनाच्या साथीत तुरुंगांतली गर्दी कमी करायला महाराष्ट्र सरकारने मे 2020 मध्ये तातडीच्या अभिवचन रजेचा नवा नियम केला. सात वर्षांहून जास्त शिक्षा असलेल्यांसाठी त्यात अट होती: आधीच्या दोन रजांवरून कैदी वेळेवर परतलेला असावा. वरवर पाहता चोख. पण जे कधीच रजेवर गेले नव्हते, त्यांचे अर्जही याच अटीवर फेटाळले गेले. त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं, तशी संधीच त्यांना मिळाली नव्हती. काही कैदी मुंबई उच्च न्यायालयात गेले. जुलै 2020 मध्ये न्यायालयाने अटीचा अर्थ उलगडला: रजा मिळाली असेल तर वेळेवर परतलेला असावा, एवढंच पाहायचं. कधी रजाच मिळाली नसेल तर तो दोष धरायचा नाही.

ही गाठ तुरुंगापुरती नाही. अनुभव नसेल तर नोकरी नाही आणि नोकरी नसेल तर अनुभव नाही, हे नुकतं शिक्षण संपवलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आधी कर्ज फेडल्याची नोंद नसेल तर बँक कर्ज देत नाही. विश्वासाचा पुरावा मागितला जातो आणि तो पुरावा विश्वास मिळाल्याशिवाय तयार होत नाही. कुणीतरी पुराव्याआधी पहिलं पाऊल टाकावं लागतं. मोकळ्या जगात ते आई-बाप टाकतात, एखादा शिक्षक टाकतो. तुरुंगात ते शासनानेच टाकावं लागतं, कारण तिथे दुसरं कुणी नसतं.

घर नसलेल्याचं काय?

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत अवघड वाटतो. रजेवर आलेल्या कैद्याला घरात ठेवून घ्यायला तयार असलेला आणि जामीनपत्र लिहून देणारा नातेवाईक असल्याशिवाय संचित रजा देऊ नये, असा नियम आहे. व्यवहार म्हणून बरोबर. राहायला जागा नसलेला माणूस सोडून द्यायचा तरी कुठे?

पण या नियमाने कोण वगळलं जातं ते बघा. ज्याचे आई-वडील आठ वर्षांत वारले, ज्याच्या भावाने जमिनीच्या वाटणीतला हिस्सेकरी आत असलेलाच बरा असं मनाशी ठरवलं, ज्याचं बिऱ्हाड ऊसतोडीच्या फडावर दर हंगामात वेगळ्या जिल्ह्यात असतं. आणि स्त्रिया. नवरा तुरुंगात गेला तर बायको डबा घेऊन भेटीला येते. बायको तुरुंगात गेली तर अनेकदा माहेर आणि सासर दोन्ही तिचं नाव टाकतात. नवऱ्याच्या खुनात शिक्षा झालेल्या बाईसाठी जामीनपत्रावर सही कोण करणार? सासरचे तर फिर्यादी असतात.

म्हणजे दोन कैदी असू शकतात. गुन्हा सारखा, शिक्षा सारखी, आतली वागणूक सारखी. एक दर वर्षी घरी जातो. दुसरा पंधरा वर्षं त्याच आवारात. फरक कशाचा, तर एकाला भाऊ चांगला मिळाला. पण भाऊ चांगला मिळणं हे त्याचं कर्तृत्व कसं? अभिवचन कैद्याचं म्हणायचं आणि सही मात्र दुसऱ्याची मागायची, असा हा प्रकार. आणि ज्याला कुणीच उरलेलं नाही, त्याला बाहेरच्या जगाशी धागा जोडायची गरज सर्वांत जास्त असते. नियमाचा हेतू आणि नियमाची अट इथे एकमेकांच्या विरुद्ध उभ्या राहतात.

आता चौथा प्रश्न. पोलीस अहवालात एक वाक्य वारंवार येतं: सदर बंदी रजेवर आल्यास शांतता व सुव्यवस्थेला बाधा येण्याची शक्यता आहे. कशावरून? कुणी तक्रार केली का? पूर्वी काही घडलं का? अनेकदा उत्तर नसतं. अशा मोघम भीतीवर दिलेले नकार उच्च न्यायालयाने वेळोवेळी रद्द केले आहेत. पण उच्च न्यायालयापर्यंत जायला वकील लागतो, वेळ लागतो, आणि बहिणीच्या लग्नाची तारीख थांबून राहत नाही.

फिर्यादीच्या अंगणातून

इथपर्यंत वाचून कुणाला राग आला असेल तर तो रास्त आहे. कैद्याच्या भावाबद्दल इतकं बोललो, मेलेल्याच्या भावाबद्दल काहीच नाही?

गाव लहान असतं. आरोपीचं घर आणि फिर्यादीचं घर यांच्यामध्ये कधीकधी दोन गल्ल्या असतात. ज्याने आपल्या मुलाला मारलं, तो एका सकाळी चावडीसमोरून चालत येताना दिसतो. कुणी कळवलेलं नसतं. त्या आईला कोणता युक्तिवाद सांगणार? तुरुंग सुधारणेसाठी असतो, हे तिला मान्य असेलही. पण तिच्या दृष्टीने शिक्षेचा एक साधा अर्थ होता: मला तो दिसणार नाही.

आणि रजेचं वाटप किती असमान असतं हे लोक बघत असतात. बलात्काराच्या गुन्ह्यात 2017 साली वीस वर्षांची शिक्षा झालेला गुरमीत राम रहीम हरियाणात 2022 या एका वर्षात तीन वेळा बाहेर आला: 21 दिवस, 30 दिवस आणि 40 दिवस. बिल्कीस बानो प्रकरणातल्या अकरा दोषींना गुजरात सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये मुदतीआधी सोडलं. खटला महाराष्ट्रात चालला असल्यामुळे तो अधिकार गुजरातचा नव्हताच, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2024 रोजी ती सुटका रद्द केली. याच सुनावणीच्या काळात हेही उघड झालं की त्यांच्यातले बहुतेक जण शिक्षेच्या काळात पॅरोल, फर्लो वगैरे धरून हजारांहून जास्त दिवस बाहेर राहिले होते. एकीकडे वडिलांच्या अंत्यविधीला पोचू न शकलेले कैदी आणि दुसरीकडे हे. मग पॅरोल म्हटलं की लोकांना वशिला आठवतो, यात लोकांचा काय दोष?

तरीही या रागातून निघणारा ‘पॅरोलच बंद करा’ हा निष्कर्ष मला पटत नाही. वशिलेबाजी होते ती नियम मोकळे असल्यामुळे, आणि निर्णयाची कारणं कुणाला द्यावी लागत नसल्यामुळे. दार सगळ्यांसाठी बंद केलं, तरी ज्याचा वशिला आहे त्याला खिडकी सापडते. बंद होतं ते बिनवशिल्याच्या माणसाचं दार.

न दिसणारी चूक

2016 साली मुंबईतल्या एका गाजलेल्या खुनातला जन्मठेपेचा कैदी आईच्या आजारपणासाठी रजेवर सुटला आणि पळाला. पुढच्या वर्षी तो काश्मीरमध्ये सापडला. त्याच 2016 मध्ये महाराष्ट्राचे नियम कडक झाले. लोकांचा संताप अगदी योग्य होता. पण जे हजारो कैदी रजा संपल्यावर मुकाट परतले होते, त्यांनी काय केलं होतं? एकाच्या पळण्याची किंमत दुसऱ्याच्या रजेतून वसूल करायची, म्हणजे त्या दुसऱ्याला स्वतंत्र माणूस म्हणून मोजायचंच नाही. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, या कांटच्या सूत्राचं यापेक्षा सोपं उदाहरण शोधायला लागणार नाही.

अधिकाऱ्याच्या खुर्चीतून बघितलं तर हे असंच होणार हे कळतं. त्याच्याकडून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. सोडू नये त्याला सोडणं आणि सोडायला हवं त्याला न सोडणं. पहिली चूक झाली तर बातमी येते, चौकशी लागते, बदली होते. दुसरी चूक झाली तर काहीच होत नाही. एक माणूस बराकीत बसून राहतो, एक म्हातारी वाट बघत मरते, आणि फाईल बंद होते. ज्या चुकीची नोंदच होत नाही, ती चूक माणूस पुन्हा पुन्हा करतो. यात दुष्टपणा लागत नाही.

शिवाय भविष्य सांगायचं कौशल्य कुणाकडेच नाही. इस्रायलमधल्या पॅरोल मंडळांचा एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. आठ न्यायाधीशांचे हजाराहून जास्त निर्णय तपासले, तेव्हा खाण्याच्या सुट्टीनंतर लगेच आलेल्या कैद्यांना सुमारे 65 टक्के वेळा अनुकूल निर्णय मिळत होता आणि पुढची सुट्टी जवळ येईपर्यंत हे प्रमाण जवळपास शून्यावर येत होतं. नंतर इतरांनी आक्षेप घेतला: ज्यांना वकील नव्हते त्यांची प्रकरणं प्रत्येक सत्राच्या शेवटी ठेवली जात, त्यामुळे आकडे तसे दिसतात. भूक खरी की वकील खरा, हा वाद बाजूला ठेवा. दोन्ही उत्तरांमध्ये कैद्याच्या सुधारण्याचा संबंध कुठे आहे?

मग काय करायचं?

मुदतपूर्व सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मण नस्कर प्रकरणात 2000 साली काही कसोट्या सांगितल्या. गुन्हा वैयक्तिक होता की समाजाला हादरवणारा? पुन्हा करण्याची शक्यता किती? करण्याची ताकद उरली आहे का? आता आत ठेवून काही साध्य होणार आहे का? कुटुंबाची स्थिती काय? यांतली चौथी कसोटी मला मोलाची वाटते, कारण ती कैद्याऐवजी आपल्याला जाब विचारते. याला ठेवून घेण्याचं कारण तुमच्यापाशी आहे का? फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयाने याच दिशेने आणखी एक पाऊल टाकलं. सुटकेचं धोरण अस्तित्वात असेल तर पात्र कैद्याने अर्ज करायची वाट न बघता शासनाने स्वतःहून विचार करावा, असं सांगितलं. ज्याला अर्ज लिहिता येत नाही, त्याच्यासाठी हा फरक किती मोठा आहे!

रजेलाही हेच लागू करता येईल. नकार द्यायचा तर या माणसापुरतं कारण लिहून द्या, छापील वाक्य नको. नातेवाईक नसेल तर जातमुचलक्यावर, एखाद्या संस्थेच्या निवाऱ्यात, रोज पोलीस ठाण्यात हजेरीच्या अटीवर सोडता येईल का ते बघा. फिर्यादीच्या घरी आधी कळवा, त्यांचं म्हणणं ऐका, आणि गरज असेल तर कैद्याला त्या गावाऐवजी दुसरीकडे राहायची अट घाला. ‘तो दिसू नये’ ही मागणी कैद्याची रजा न तोडताही बरीचशी पुरी करता येते. आणि कुणाला किती दिवस, कोणत्या कारणाने रजा मिळाली, याची एकूण आकडेवारी दर वर्षी जाहीर करा. वशिला उजेडात फार काळ टिकत नाही.

तरी कुणीतरी पळेल. हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. शब्दावर सोडण्याचा अर्थच असा, की तो मोडला जाऊ शकतो. मोडण्याची शक्यता शून्य करायची तर शब्द कशाला, साखळीच बरी.

पण सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची एक वसाहत आहे. औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थाच्या साथीने 1939 साली ती सुरू केली. खुनासारख्या गुन्ह्यांतले कैदी, आणि त्यांना अडवायला भिंत नाही. ते शेती करायचे, कुटुंबासह राहायचे. त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि 1957 साली व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सिनेमा आपण डोक्यावर घेतला. वसाहतीची मात्र आठवण फारशी कुणाला नाही, आणि ती आजही खुली वसाहत म्हणून चालू आहे.

शिक्षा भोगणाऱ्यांपैकी बहुतेक जण एक ना एक दिवस बाहेर येणारच आहेत. तेव्हा त्यांच्या मागे शिपाई नसेल, परतायची तारीख नसेल आणि ते आपल्याच गल्लीत राहायला येतील. त्या दिवसाआधी त्यांना चार-दोनदा शब्द देऊन पाळायची सवय झालेली असावी, की तो दिवस थेट पहिल्यांदाच उजाडावा? फिर्यादीच्या आईलाही हा प्रश्न विचारायला मी तयार आहे. तिचं उत्तर काय असेल ते मी गृहीत धरत नाही, पण ते ऐकून घ्यायची व्यवस्था तरी नियमांत असायला हवी.